अमेरिकेतील मराठी आयातदारांस खुले पत्र: 'शुल्क किती' याच्या आधी 'शुल्क केव्हा' हे विचारा

प्रति,
न्यू जर्सी आणि आसपासच्या राज्यांतील मराठी आयातदार, त्यांचे भागीदार आणि महाराष्ट्र मंडळांच्या उद्योजक गटांचे कार्यवाह यांस

विषय: फॉरेन ट्रेड झोनमुळे आयातशुल्कात होणारी बचत, तिचा हिशेब आणि तिच्या मर्यादा

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतातून येणाऱ्या बहुतांश मालावर आधी ७ तारखेपासून २५ टक्के आणि मग २७ तारखेपासून आणखी २५ टक्के असे जादा शुल्क बसले, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफीही सर्व देशांसाठी थांबली. तेव्हापासून माझा फोन फारसा स्वस्थ नाही. पितळी समया आणणारे, मसाले आणि लोणची आणणारे, घरबसल्या पैठण्या विकणाऱ्या भगिनी, चाकणहून यंत्रांचे सुटे भाग मागवणारे, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "आम्ही झोन घ्यावा का?" त्यांतल्या निम्म्यांची समजूत अशी असते की झोन म्हणजे शुल्कातून निसटण्याची चोरवाट, आणि उरलेल्यांची अशी की हा मोटार कंपन्यांचा आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांचा खेळ आहे, आपल्यासारख्यांचे तिथे काम नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. नेवार्क बंदराच्या परिसरात कस्टम्स ब्रोकर म्हणून, आयातदारांची सीमाशुल्काची कामे करून देत, आयुष्यातली बरीच वर्षे घालवून मी आता निवृत्त झाले आहे. मला कोणाला झोन विकायचा नाही आणि कोणाचे गोदाम भाड्याने द्यायचे नाही, म्हणून जे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत आले ते एकदा सलग लिहावे असे वाटले.

आपल्यापैकी ज्यांनी भारतात ट्रकने माल पाठवला आहे त्यांना जकात नाका आठवत असेल. जकात ही शहरात वापरासाठी, उपभोगासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर होती. तोच ट्रक शहरात माल न उतरवता नुसता पुढे जाणार असेल, तर नाक्यावर कागदपत्रे आणि वेळ खर्ची पडे, कारकुनाशी हुज्जतही पडे, पण जकात पडत नसे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचे नाके गेले, मात्र त्यामागचे तत्त्व जगभर शाबूत आहे: माल हद्दीत आला म्हणजे तो बाजारात आलाच असे नाही. फॉरेन ट्रेड झोन याच तत्त्वावर उभा आहे. जमीन अमेरिकेची, पोलीस अमेरिकेचे, कामगारांचे कायदे अमेरिकेचे. पण शुल्क आकारण्यापुरता तिथला माल अजून अमेरिकेच्या बाजारात दाखल झालेला नाही असे कायदा मानतो. तो झोनच्या फाटकातून देशात वापरासाठी बाहेर पडतो तेव्हा एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे आयातीची नोंद, दाखल होते आणि तेव्हाच शुल्क द्यावे लागते. तो परदेशी रवाना झाला, तर द्यावेच लागत नाही.

ही सवलत कोणा एका उद्योगपतीसाठी अलीकडे काढलेली नाही. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने अमेरिकेने आयातशुल्के प्रचंड वाढवली आणि त्यामुळे इथून माल फिरवून दुसऱ्या देशांना विकणाऱ्या बंदरांचा धंदा बसला. त्यावर उतारा म्हणून ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर यांनी पुढे नेलेला फॉरेन ट्रेड झोन कायदा १८ जून १९३४ रोजी मंजूर झाला आणि १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर पहिला झोन उघडला. सुरुवातीला तिथे माल ठेवणे, निवडणे, बांधणे एवढेच करता येई. वस्तू तयार करण्याची परवानगी १९५० च्या दुरुस्तीने आली. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे मुक्त बंदर १८८८ पासून २०१२ अखेरपर्यंत चालले आणि कांडल्याचे निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९६५ चे, म्हणजे ही कल्पना जुनी आहे आणि आपल्या घरचीही आहे. सांताक्रूझच्या सीप्झमध्ये काम केलेले किती तरी जण आपल्या मंडळांत आहेत, आणि ते क्षेत्र १९७३ पासूनचे आहे.

मात्र घरच्या अनुभवामुळेच एक गोंधळ होतो, तो आधी दूर करते. मराठी माणसाच्या कानावर 'झोन' शब्द पडला की त्याला सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, आठवतो, आणि सेझ म्हटले की जमीन. २००८ च्या सप्टेंबरमध्ये रायगडातल्या पेण तालुक्यातील २२ गावांत झालेले सार्वमत आणि त्याआधी २००७ च्या अखेरीस गोवा सरकारला मागे घ्यावे लागलेले सेझ धोरण हे आपण विसरलेलो नाही, आणि विसरूही नये. अमेरिकेतला झोन बहुतेक वेळा असा कुंपण घातलेला नवा मुलूख नसतो. प्रत्येक अधिकृत प्रवेशबंदराला किमान एक झोन मिळण्याचा हक्क कायद्यातच आहे. तो काढण्याचे अधिकारपत्र सहसा बंदर प्राधिकरणाकडे किंवा स्थानिक विकास संस्थेकडे असते, जसे नेवार्क आणि एलिझाबेथ भागाचा क्रमांक ४९ चा झोन न्यूयॉर्क-न्यू जर्सी बंदर प्राधिकरणाकडे आहे, ह्यूस्टनचा क्रमांक ८४ आहे आणि लॉस एंजेलिसचा २०२. २००९ पासून लागू झालेल्या पर्यायी मांडणीनुसार ज्या झोनने ती स्वीकारली आहे त्याच्या सेवाक्षेत्रात तुमचे आहे तेच गोदाम, किंवा त्याचा एक भागसुद्धा, झोनची जागा म्हणून नोंदवता येतो आणि वॉशिंग्टनच्या फॉरेन ट्रेड झोन मंडळाकडून त्याला साधारण ३० दिवसांत मान्यता मिळू शकते. त्यानंतर सीमाशुल्क खात्याकडून ती जागा कार्यान्वित करून घेणे हे वेगळे आणि जास्त चिकाटीचे काम आहे, पण जमीन कोणाची घ्यावी लागत नाही.

आता पैशाकडे येते. सगळ्यात आधी लोकांच्या तोंडी येणारा फायदा म्हणजे शुल्क पुढे ढकलले जाते, आणि सगळ्यात जास्त फुगवून सांगितला जाणाराही हाच. समजा तुमच्या गोदामात वर्षभर सरासरी २० लाख डॉलरचा आयात माल पडून असतो आणि त्यावर ५ टक्के शुल्क आहे. झोन नसेल तर १ लाख डॉलर शुल्कापोटी कायमचे अडकलेले असतात. झोन असेल तर माल विकायला बाहेर निघेपर्यंत ते तुमच्या हातात राहतात. ८ टक्के व्याजाने धरले तर वर्षाची बचत ८,००० डॉलर होते. एवढ्यासाठी कोणी झोनचा व्याप करू नये. पण त्याच मालावर ५ च्या ऐवजी ५५ टक्के शुल्क बसले, तर अडकणारी रक्कम ११ लाख डॉलर होते आणि तिचे वर्षाचे व्याज ८८,००० डॉलर. व्यापार बदलला नाही, गोदाम बदलले नाही, फक्त दर बदलला आणि कालपर्यंत न परवडणारी गोष्ट हिशेबात बसू लागली. २०२५ मध्ये इतक्या जणांना अचानक झोनची आठवण का झाली याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. तरीही लक्षात ठेवावे की शुल्क येथे माफ झालेले नाही, त्याची तारीख तेवढी बदलली आहे.

खरी माफी मिळते ती अमेरिकेच्या बाजारात न येणाऱ्या मालावर. तुमच्यापैकी काही जण नेवार्कला कंटेनर उतरवून त्यातला थोडा माल कॅरिबियन बेटांना किंवा दक्षिण अमेरिकेला पाठवतात. तो माल झोनमधूनच परत बोटीवर चढला तर त्यावर अमेरिकेचे शुल्क लागत नाही. आधी शुल्क भरून नंतर निर्यातीच्या पुराव्यावर ९९ टक्के परत मिळवण्याची ड्रॉबॅकची सोयही आहे, पण त्यात पैसे महिनोन् महिने अडकतात, आणि पोलाद व ॲल्युमिनियमवर राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने कलम २३२ खाली लावलेल्या शुल्कांसारखी काही शुल्के ड्रॉबॅकमध्ये परत मिळतच नाहीत. झोनमधून बाहेर गेलेल्या मालावर ती मुळात लागलेलीच नसतात, म्हणून परत मागण्याचा प्रश्न उरत नाही. टोरांटोला किंवा मेक्सिकोला माल पाठवणाऱ्यांनी मात्र थांबून वाचावे: झोनमध्ये प्रक्रिया करून त्या दोन देशांना पाठवलेल्या मालाला पूर्ण माफी नाही, इथले आणि तिथले शुल्क यांतली कमी असलेली रक्कम तेवढी सुटते, आणि आहे त्याच स्थितीत पाठवलेल्या मालाला मात्र ही अट लागत नाही. मी पाहिलेल्या चुकीच्या हिशेबांपैकी निदान तीन याच एका अटीपाशी चुकले होते.

फुटलेल्या, खराब निघालेल्या, परवानगी घेऊन झोनमध्येच नष्ट केलेल्या मालावरही शुल्क पडत नाही. काचेचे दिवे आणणाऱ्याला शंभरातले चार फुटके निघणे नवीन नाही. नेहमीच्या आयातीत त्या चारांचेही शुल्क आधी भरलेले असते आणि ते सोडवून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मसाले, पापड, लोणची यांचे तर विचारूच नका. अन्न व औषध प्रशासनाचे नियम झोनच्या आतही लागू असतात, तिथे कसलीही पळवाट नाही. पण तपासणीत नाकारलेली खेप शुल्क न भरता परत पाठवता किंवा नष्ट करता येते. मूळ देशाचे लेबल चुकीचे किंवा अपुरे असेल तर ते झोनमध्येच दुरुस्त करून मग एंट्री करता येते, आणि १० टक्क्यांच्या दंडात्मक शुल्काची टांगती तलवार तेवढी टळते. छोट्या आयातदाराला ही गोष्ट किरकोळ वाटते, पण नाशिकहून आलेल्या हजार डब्यांवर 'मेड इन इंडिया' छापायचे राहिले आहे हे बंदरात कळते तेव्हा ती किरकोळ राहत नाही.

आता साप्ताहिक एंट्रीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या लोकांना तिचा हिशेब समजला की ते खूश होतात आणि मग घाईत चुकतात. अमेरिकेत प्रत्येक औपचारिक एंट्रीवर मालाच्या किमतीच्या ०.३४६४ टक्के मर्चंडाइज प्रोसेसिंग फी लागते, पण तिला एका एंट्रीमागे कमाल मर्यादा असते. २०२५ च्या सरकारी आर्थिक वर्षात ती ६३४.६२ डॉलर होती. झोनमधून आठवडाभरात जो माल बाहेर निघणार त्याची एकच एंट्री देता येते, आणि २००० सालच्या कायद्यापासून ही सोय सर्व झोनना खुली आहे. आठवड्याला प्रत्येकी अडीच लाख डॉलरचे दहा कंटेनर आणणारी कंपनी नेहमीच्या पद्धतीने दहा वेळा कमाल फी, म्हणजे ६,३४६ डॉलर भरेल. झोनमधून एकदाच ६३४.६२ भरेल. वर्षाला हा फरक जवळजवळ २ लाख ९७ हजार डॉलर होतो. आता आपल्यासारख्यांचा हिशेब करा. महिन्याला प्रत्येकी ४०,००० डॉलरचे दोन कंटेनर आले, तर दोन्हींची फी मिळून सुमारे २७७ डॉलर होते. ती कमाल मर्यादेच्या जवळपासही जात नाही, म्हणजे एंट्र्या एकत्र करून वाचवायला काही उरतच नाही. सागरी मार्गाने आलेल्या मालावरची ०.१२५ टक्के बंदर देखभाल फी तर झोनमध्येही सुटत नाही. ती दर तिमाहीला भरावीच लागते.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहिते याला कारण आहे. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी पितळी दिव्यांचे एक आयातदार आले होते. कोणा सल्लागाराने त्यांना मोठ्या कंपनीच्या साप्ताहिक एंट्रीचे आकडे दाखवून झोन घ्यायला लावला होता. त्यांनी गोदामाला जाळ्या ठोकल्या, संगणक प्रणाली घेतली, शुल्काच्या हमीचा बाँड भरला, एक माणूस नेमला. वर्षअखेरीस बचत चार आकडी होती आणि खर्च पाच आकडी. गृहस्थ सज्जन होते. सल्लागाराला त्यांनी दोष दिला नाही, मला मात्र विचारले की हे मला आधी कोणी का सांगितले नाही. त्यांच्या जागी तुमच्यापैकी कोणी येऊ नये म्हणून हे पत्र.

यापुढचा भाग किचकट आहे, पण बचतीचा गाभा इथेच आहे. काही वेळा सुट्या भागावरचे शुल्क तयार वस्तूवरच्या शुल्कापेक्षा जास्त असते. मोटारीच्या वायरिंग हार्नेसवर (विजेच्या तारांच्या जुडग्यावर) अमेरिकेचा साधारण दर ५ टक्के आहे आणि तयार प्रवासी मोटारीवर २.५. अनेक सेंद्रिय रसायनांवर ६.५ टक्के आहे आणि बहुतेक तयार औषधांवर साधारण दराने काहीच नाही. म्हणजे इथे कारखाना काढून अमेरिकन कामगार लावणाऱ्याला, परदेशातून तयार वस्तू आणणाऱ्यापेक्षा जास्त शुल्क भरावे लागते, हा उफराटा न्याय झाला. झोनमध्ये वस्तू बनवणाऱ्याला परवानगी मिळाली, तर सुटा भाग 'नॉन-प्रिव्हिलेज्ड फॉरेन' या कायदेशीर दर्जाने आत घेता येतो आणि बाहेर पडताना तो ज्या वस्तूत मिसळला त्या वस्तूच्या दराने शुल्क देता येते. या परवानगीची सूचना झोन मंडळाकडे द्यावी लागते आणि २०१२ च्या नियमांपासून ती प्रक्रिया १२० दिवसांच्या चौकटीत आली आहे. त्याआधी वर्ष वर्ष लागत असे.

दुसरी गोष्ट यापेक्षाही महत्त्वाची आहे आणि ती १९८० च्या एका नियमबदलातून आली. झोनमध्ये तयार झालेल्या वस्तूचे शुल्क मोजताना इथली मजुरी, इथला इतर खर्च आणि नफा मोजायचा नाही असे त्या वर्षी ठरले, आणि झोनमधल्या उत्पादनाने खऱ्या अर्थाने वेग घेतला तो त्यानंतर. १०० डॉलरची एक वस्तू घ्या, जिच्यात ४० डॉलरचा परदेशी भाग आहे आणि ६० डॉलरची इथली मेहनत व नफा. भागावर ८ टक्के आणि तयार वस्तूवर ५ टक्के शुल्क आहे असे धरा. वस्तू परदेशातून तयार आणली तर ५ डॉलर शुल्क, भाग आणून झोनबाहेर बनवली तर ३ डॉलर २० सेंट, आणि झोनमध्ये बनवून बाहेर काढली तर ४० डॉलरवर ५ टक्क्यांनी फक्त २ डॉलर.

भारतात सेझमध्ये नेमके याच्या उलट आहे, आणि पुण्याला कारखाना असलेल्यांना ते ठाऊक असेल. २००५ च्या सेझ कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सेझमधून देशांतर्गत बाजारात आलेली वस्तू जणू परदेशातूनच आयात झाली असे मानून तिच्या पूर्ण किमतीवर शुल्क लागते, म्हणजे वरच्या उदाहरणातले १०० च्या १०० डॉलर मोजले जातात, आपल्याच कामगाराच्या मजुरीसकट. सेझ धोरणाच्या फेरविचारासाठी बाबा कल्याणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात सेझऐवजी नवा कायदा आणण्याची घोषणाही झाली. त्याउलट २०१९ च्या नियमांनी सीमाशुल्क कायद्याच्या कलम ६५ खाली बाँडेड गोदामातच, म्हणजे शुल्क न भरता आयात माल ठेवण्याच्या गोदामातच, उत्पादन करण्याची जी सोय झाली, तिच्यात देशांतर्गत विक्रीवर फक्त आयात कच्च्या मालाचे शुल्क द्यावे लागते आणि ढकललेल्या काळाचे व्याजही नाही. ज्यांचे बंधू किंवा भाचे तिकडे उद्योग चालवतात त्यांनी ही माहिती जरूर पोहोचवावी. सेझच्या नावाला बिचकणाऱ्या कित्येक लघुउद्योजकांना तिचा पत्ताच नसतो.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. २०१८ मध्ये पोलाद-ॲल्युमिनियमवर आणि चिनी मालावर जी जादा शुल्के बसली, आणि २०२५ च्या एप्रिलपासून जवळजवळ सर्व देशांच्या मालावर जी बसली, त्या हुकुमांत एक अट घातलेली होती: असा माल झोनमध्ये आणायचा तर तो 'प्रिव्हिलेज्ड फॉरेन' या दर्जानेच आणावा लागेल. नाव मोठे मानाचे आहे, पण अर्थ असा की माल झोनमध्ये शिरला त्या दिवशी त्याचे वर्गीकरण आणि त्याचा दर पक्का झाला. पुढे त्याचे काहीही बनवा, शुल्क त्या जुन्या रूपावर आणि त्या जुन्या दरानेच. वर सांगितलेली तयार वस्तूच्या दराची सवलत या जादा शुल्कांच्या बाबतीत संपली.

त्यातून आणखी एक गोष्ट होते, जी मी फोनवर प्रत्येकाला दोनदा सांगते. दर वाढण्याच्या आधी माल या दर्जाने झोनमध्ये गेला, तर कमी दर पक्का होतो, आणि तुम्ही शहाणे ठरता. दर शिखरावर असताना गेला, तर जास्त दर पक्का होतो, आणि पुढच्या महिन्यात वॉशिंग्टनमध्ये तडजोड होऊन दर निम्म्यावर आला तरी तुमच्या मालाला त्याचा उपयोग नाही. "सध्या झोनमध्ये टाकून ठेवू, दर उतरले की काढू" असे म्हणणाऱ्यांनी या वाक्यावर बोट ठेवून पुन्हा वाचावे. दर उतरण्याची वाट पाहायची असेल तर त्यासाठी झोन नव्हे, साधे कस्टम्स बाँडेड गोदाम हे योग्य साधन आहे, कारण तिथून माल काढताना त्या दिवशी लागू असलेला दर धरला जातो. त्याला आयातीपासून पाच वर्षांची मुदत असते आणि तिथे देशांतर्गत विक्रीसाठी उत्पादन करता येत नाही. झोनला मुदत नाही. दर तर इतक्या झपाट्याने बदलतात की हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत वरचे काही आकडे जुने झालेले असतील. म्हणून आकडे पाठ करू नका; हुकुमात दर्जाची अट कोणती आहे ती ओळ आधी शोधा.

याच ठिकाणी चाकण, भोसरी किंवा कोल्हापूरच्या पुरवठादारांबद्दल लिहायला हवे. अमेरिकन गिऱ्हाईक आज मागणी करतो आणि परवा माल मागतो, पण समुद्रमार्गे माल यायला आठवडे लागतात, म्हणून पुरवठादाराला इथे साठा ठेवावा लागतो. अमेरिकेबाहेरच्या कंपनीलाही इथला प्रतिनिधी आणि बाँड यांची व्यवस्था करून आयातदार म्हणून नोंद करता येते आणि दुसऱ्याने चालवलेल्या झोनमध्ये स्वतःच्या मालकीचा माल ठेवता येतो. गिऱ्हाईकाने जेवढे खोके उचलले तेवढ्याचे शुल्क त्या वेळी द्यायचे आणि न खपलेला माल ब्राझीलला किंवा परत मायदेशी न्यायचा, हे त्यांना परवडण्यासारखे आहे. अशा पुरवठादाराने स्वतःचा झोन काढण्याचे काहीच कारण नाही. आपल्यातल्या बहुतेकांनाही तो काढण्याचे कारण नाही, आणि माझे मुख्य म्हणणे हेच आहे: आपल्या आकाराच्या व्यापाराला झोनचा चालक होणे क्वचित परवडते, पण झोनचा वापरकर्ता होणे पुष्कळांना परवडेल.

चालक व्हायचे म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. प्रत्येक खेप आत घेताना सीमाशुल्क खात्याचा २१४ क्रमांकाचा अर्ज, मालावर काही काम करायचे तर २१६ क्रमांकाचा, वापरासाठी बाहेर काढताना ०६ प्रकारची एंट्री, प्रत्येक नगाचा हिशेब दाखवणारी साठा-नोंद, वर्षाचा ताळेबंद, झोन मंडळाला वार्षिक अहवाल, आणि कधीही येऊन गोदाम तपासण्याचा खात्याचा अधिकार. शंभर खोकी आत गेली आणि अठ्ठ्याण्णवच सापडली, तर दोन खोक्यांचे शुल्क तर लागतेच, वर दंडही होऊ शकतो. आपल्याकडे 'चुलतभाऊ बघतो गोदामाचं' अशा विश्वासावर चालणारे धंदे बरेच आहेत. तो विश्वास मोलाचा असेल, पण झोनमध्ये तो चालत नाही. ह्यूस्टनच्या मित्रांना मात्र एक जास्तीचा फायदा आहे: टेक्सासमध्ये व्यापारी साठ्यावर स्थानिक मालमत्ता कर लागतो आणि झोनमधल्या आयात मालाला त्यातून सूट आहे. न्यू जर्सीत साठ्यावर असा करच नाही, म्हणून तिकडच्या भाच्याने फोनवर सांगितलेली बचत इथे शोधू नये.

मंडळांच्या उद्योजक गटांना माझी विनंती आहे. आपण दरवर्षी एखादा वक्ता बोलावतो, तो पडद्यावर चढते आलेख दाखवतो, आपण टाळ्या वाजवतो आणि बटाटेवडा खाऊन घरी जातो. पुढच्या वेळी झोनवर बोलणारा कोणी आला, तर त्याला झोनमध्ये मालाचा कायदेशीर दर्जा कोणता राहील, कॅनडाला जाणाऱ्या मालाचे काय, आणि चालकाचा वर्षाचा खर्च किती, हे तीन प्रश्न सभेतच विचारा, आणि उत्तर लेखी मागा. त्यापुढे जाऊन असेही करता येईल की दहा-बारा आयातदारांनी एकत्र येऊन नेवार्क भागातल्या एखाद्या सार्वजनिक झोनच्या चालकाशी दरांची बोलणी करावीत. एकेकट्याच्या दोन कंटेनरला तो चालक विचारणार नाही, पण महिन्याच्या पंचवीस कंटेनरना नक्की विचारेल. प्रत्येकाची एंट्री वेगळीच राहील, त्यामुळे साप्ताहिक एंट्रीची बचत अशा एकत्र येण्याने होणार नाही. मिळेल ते गोदामाच्या भाड्यातले आणि हाताळणीच्या दरातले, आणि ज्यांचा माल अंशतः परदेशी जातो किंवा तपासणीत नाकारला जातो त्यांना शुल्कातले.

ज्यांना स्वतःचा हिशेब करून पाहायचा आहे त्यांनी गेल्या बारा महिन्यांच्या ७५०१ क्रमांकाच्या सर्व एंट्री समरी, त्या काळात परदेशी पाठवलेल्या मालाची बिले आणि फुटतूट किंवा नाकारलेल्या खेपांची यादी एका फाइलमध्ये लावून ठेवावी. एडिसनच्या मंडळात शनिवारी सकाळी मी बसायला तयार आहे. एका व्यापाराच्या हिशेबाला साधारण दीड तास लागतो. फी नाही, फक्त कागद पूर्ण आणा.

आपली नम्र,
एक निवृत्त कस्टम्स ब्रोकर
एडिसन, न्यू जर्सी